हजार वर्षांचा हिशेब, आठ शनिवारांत: कोल्हापुरातल्या एका अभ्यासवर्गाचं परीक्षण

फी ५०० रुपये. त्यात आठ शनिवार, दर वेळी संध्याकाळी पाच ते सात, ७२ पानांची अभ्यासवही, घडी करून ठेवता येईल असा एक तक्ता आणि मधल्या सुट्टीत चहा-बिस्कीट. विषय दोन: ख्रिस्ताची तीन पदं, म्हणजे संदेष्टा, याजक आणि राजा, आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातली हजार वर्षं, जेव्हा सैतान बांधलेला असतो आणि संत ख्रिस्तासोबत राज्य करतात. वर्ग एका मंडळीच्या सभागृहात भरतो, पण बसणारे सगळीकडचे असतात. सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), पेंटेकॉस्टल, ब्रदरन, एखाददुसरा कॅथलिकसुद्धा. शिकवणारे दोघं, एक निवृत्त पाळक आणि एक शाळामास्तर. मंडळीचं आणि त्यांचं नाव इथे देत नाही, कारण पुढे दोष काढायचे आहेत आणि ते सगळे पुढच्या तुकडीआधी दुरुस्त होण्यासारखे आहेत.

निकाल आधीच सांगतो. पैसे वसूल होतात. पहिले पाच शनिवार चुकवू नयेत असे आहेत. सातव्या शनिवारी मात्र वर्ग गडगडतो, आणि नेमका जिथे गडगडतो तिथेच या वादाचं मूळ आहे.

आपल्याकडे हे दोन विषय एकत्र कोणी शिकवत नाही. तीन पदं दृढीकरणाच्या वर्गात येतात, चार ओळी पाठ केल्या की संपली. हजार वर्षं उज्जीवन सभेत येतात, तीही बहुतेक पडद्यावरच्या बाणांसकट. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल असं ऐकणाऱ्याला वाटतच नाही. या वर्गाचं मोठेपण हे, की त्याने दोन्ही एका दोरीत ओवले. सहस्रकाचं, म्हणजे या हजार वर्षांचं, भांडण वरून तारखांचं दिसतं. आतून ते पदाचं आहे. येशू राजा कधीपासून? स्वर्गारोहणापासून, की दुसऱ्या आगमनापासून? हा प्रश्न मनात पक्का असेल तर हजार वर्षांबद्दलची चारही मतं कशी निघाली ते आपोआप उलगडतं. नसेल तर तक्ता पाठ करावा लागतो आणि महिन्याभरात विसरायला होतं.

पहिला शनिवार तेलाचा. टेबलावर चार डबे ठेवलेले असतात: हिराबोळ (म्हणजेच गंधरस), दालचिनी, वेखंड, तज. शेजारी जैतुनाच्या तेलाची बाटली. निर्गम ३०:२३-२५ मधली कृती मास्तर फळ्यावर मांडतात: गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी वेखंड २५०, तज ५००, आणि तेल एक हिन. प्रमाण २:१:१:२. शेकेल साधारण ११ ग्रॅमचा धरला तर सुका माल सोळा-सतरा किलो होतो आणि तेल मात्र साडेतीन-चार लिटरच. एवढ्या मालावर एवढं तेल ओतलं तर ते नुसतं शोषलं जाईल, बाटलीत काही उतरणार नाही. म्हणून द्रव्यांचं सत्त्व आधी पाण्यात उतरवून, मग ते पाणी तेलासोबत आटवलं असावं असं ज्यू परंपरेत सांगितलं जातं. आपल्याकडचं औषधी तेल याच रीतीने सिद्ध होतं, त्यामुळे वर्गातल्या आज्या लगेच माना डोलावतात. हा भाग खेळ म्हणून केलेला नाही. 'ख्रिस्त' म्हणजे अभिषिक्त हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं; पण हे तेल कोणाही सामान्य माणसाच्या अंगावर घालायचं नाही, तसं दुसरं बनवायचंही नाही (निर्गम ३०:३२-३३), हे कळल्यावर 'पद' या शब्दाला वजन येतं.

अभिषेक कोणाकोणाचा? याजकाचा, लेवीय ८:१२. राजाचा, १ शमुवेल १६:१३. संदेष्ट्याचा, १ राजे १९:१६. इथे वहीत पहिली चूक आहे. 'एलीयाने अलीशाच्या मस्तकावर तेल ओतले' असं पान ६ वर छापलंय. तसं कुठे लिहिलेलं नाही. १९:१६ मध्ये अभिषेक करण्याची आज्ञा आहे. प्रत्यक्षात १९:१९ मध्ये एलीया आपला झगा त्याच्यावर टाकतो. चूक छोटी वाटेल, पण संदेष्टापदाचा अभिषेक तिघांमध्ये सर्वांत धूसर आहे हे कबूल केलं तर पुढे प्रेषितांची कृत्ये १०:३८ वाचताना फायदाच होतो. तिथे येशूचा अभिषेक तेलाने नाही, पवित्र आत्म्याने झाला असंच म्हटलंय.

दुसरा शनिवार कोल्हापूरचा म्हणावा लागेल. राजाचं काम वेगळं, याजकाचं वेगळं, आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकलं की काय होतं याचं शास्त्रातलं उदाहरण उज्जीया राजाचं आहे (२ इतिहास २६:१६-२१). धूप जाळायला मंदिरात शिरला आणि कपाळावर कोड उठलं. हे समजवायला पाळकसाहेब वेदोक्त प्रकरण काढतात. कल्पना उत्तम, कारण राजा आणि पुरोहित यांच्यातला ताण इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. फक्त दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत हे सांगायचं राहून जातं. शाहू महाराजांना स्वतः पुरोहित व्हायचं नव्हतं. आपल्या घरचे विधी वेदोक्त मंत्रांनी व्हावेत एवढी मागणी होती, आणि ती धुडकावली गेल्यावर पुढे १९२० साली त्यांनी क्षात्र जगद्‌गुरूचं पीठच निर्माण केलं. उज्जीयाने धूपपात्र स्वतः हातात घेतलं. हा फरक दोन मिनिटांत सांगता आला असता. तो सांगितला की जखऱ्या ६:१३ चा धक्का बसतो: 'अंकुर' नावाचा पुरुष सिंहासनावर बसेल आणि सिंहासनावरच याजक असेल. इस्राएलात जे दोन माणसांत वाटून दिलं होतं, ते एकाच्या अंगावर येतं. स्तोत्र ११० मध्येही तेच. पहिल्या वचनात उजवीकडे बसलेला राजा, चौथ्यात मलकीसदेकाच्या (अब्राहामाच्या काळचा राजा आणि याजक) परंपरेतला सनातन याजक. स्तोत्र एकच, सात वचनांचं.

तिसऱ्या शनिवारी इतिहास. तीन पदांची मांडणी सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनची, असं पुष्कळांना वाटतं. कैसरियाचा युसेबियस हा चौथ्या शतकातला माणूस. त्याच्या मंडळीच्या इतिहासात पहिल्याच भागात याजक, राजे आणि संदेष्टे या तिघांच्या अभिषेकाचा उल्लेख येतो आणि तिन्ही ख्रिस्तात एकवटले असं तो म्हणतो. कॅल्विनने आपल्या 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथाच्या १५५९ च्या आवृत्तीत (दुसरा भाग, पंधरावा अध्याय) त्याची व्यवस्थित इमारत बांधली. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत प्रश्न ३१, आणि १६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीत प्रश्न २३ ते २६. आणखी एक मजेदार धागा वर्गाने दिला नाही, तो इथे देतो. याच युसेबियसने हजार वर्षांचं पार्थिव राज्य मानणाऱ्या पापियास या सुरुवातीच्या काळातल्या बिशपची 'बुद्धी तोकडी' म्हणून टर उडवली आहे. म्हणजे या वर्गाचे दोन्ही विषय एकाच माणसाच्या एकाच पुस्तकात आहेत, आणि एकाच्या बाजूने तर दुसऱ्याच्या विरोधात. असा सांधा हातचा घालवायला नको होता.

वेस्टमिन्स्टरची प्रश्नोत्तरी इथे परकी नाही. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले आणि इथलं मिशन पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन झालं. ही प्रश्नोत्तरी त्या परंपरेची आहे. वर्गात प्रश्न २३ ते २६ पाठ करून घेतात आणि चालीत म्हणवून घेतात. पाठांतर छान होतं. पण २३ व्या उत्तराच्या शेवटी एक तुकडा आहे: ख्रिस्त ही तिन्ही पदं नम्रतेच्या आणि गौरवाच्या, अशा दोन्ही अवस्थांत चालवतो. हा तुकडा म्हणताना सगळ्यांचा श्वास संपलेला असतो आणि त्याच्यावर एक शब्द बोलला जात नाही. खरं तर पुढच्या पाच शनिवारांची किल्ली इथे आहे. गव्हाणीत आणि वधस्तंभावरही तो राजाच होता, असं मानणारा माणूस 'राज्य अजून सुरू व्हायचंय' हे सहज मान्य करणार नाही. २६ वं उत्तर तर वर्तमानकाळातच आहे: आपल्याला स्वतःच्या अधीन करणं, आपल्यावर राज्य करणं, आपलं रक्षण करणं, शत्रूंना आवरणं आणि जिंकणं.

संदेष्टापदावर वर्ग फार थांबत नाही, आणि ते बरोबरच. अनुवाद १८:१५-१८, कृत्ये ३:२२, इब्री १:१-२, संपलं. सहस्रकाच्या वादात या पदाचा वाटा कमी. अपवाद एक: दुसऱ्या शतकातली माँटॅनसची चळवळ. नवे संदेष्टे, आणि फ्रुगियातल्या पेपुझा गावी नवं यरुशलेम उतरणार ही खात्री. संदेष्टापद आणि हजार वर्षं यांची गाठ पडली की काय होतं, ते तिथे दिसतं. वहीत यावर चौकट आहे. वाचून घ्यावी.

चौथा शनिवार 'राजा कधीपासून?' या प्रश्नावर. इथेही शाहू महाराज. १८८४ साली दत्तकविधान होऊन गादी मिळाली, राज्याचे अधिकार हाती आले २ एप्रिल १८९४ ला. मधली दहा वर्षं राजा कोण? गादीवर नाव शाहूंचं, कारभार इतरांकडे. तसंच येशूचं, असं मास्तर म्हणतात: हक्क आहे, कारभार पुढे. वर्गाला हे उदाहरण फार आवडतं. पण ते एकाच मताला फिट बसतं, आणि ते म्हणजे जुन्या डिस्पेन्सेशनल मताला (इस्राएल आणि मंडळी यांना वेगळं ठेवणारं; ते पाचव्या शनिवारी येतं). दावीदाचं सिंहासन पृथ्वीवरचं, यरुशलेमातलं. सध्या येशू पित्याच्या सिंहासनाशी बसला आहे, दावीदाच्या नाही. आज त्याचं काम मुख्यतः याजकाचं. बाकीच्या मतांना हे उदाहरण उलट अडचणीचं. पेत्राचं पेंटेकॉस्टचं भाषण (कृत्ये २:३०-३६) वाचा. दावीदाच्या सिंहासनावर वंशज बसवण्याची शपथ, मग पुनरुत्थान, मग उजवीकडे उंचावलं जाणं, मग आत्मा ओतणं. अल्पवयीन राजा फर्मान काढत नाही. हा तर आत्मा ओततो आहे. शिवाय दहा वर्षांचा कारभार उदाहरणात कोणाकडे द्यायचा हेही सांगितलेलं नाही. त्यापेक्षा लूक १९:१२ चा दाखला जास्त चालतो. उमराव दूरदेशी राज्य मिळवायला जातो आणि राजा होऊन परत येतो. हेरोद राजाच्या मरणानंतर त्याचा मुलगा अर्खेलाव राज्याचा हक्क मागायला रोमला गेला होता, ते ऐकणाऱ्यांच्या आठवणीत होतंच. हा दाखला वहीत पान ३१ वर तळटिपेत आहे. तो वर आणावा, शाहू महाराज खाली गेले तरी चालतील.

पाचवा शनिवार सगळ्यांत चांगला. प्रकटीकरण २० ची १५ वचनं तीन वेळा वाचतात. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा लाल पेन्सिलीने 'हजार वर्षे' खाली रेघ मारायची. सहा वेळा येतं, वचन २ ते ७, प्रत्येकात एकदा. तिसऱ्यांदा निळ्या पेन्सिलीने समासात लिहायचं, या अध्यायात काय *नाही*. मंदिर नाही. यज्ञ नाहीत. लांडगा आणि कोकरू नाहीत. आसनं कुठे मांडली आहेत, पृथ्वीवर की स्वर्गात, हे सांगितलेलं नाही. 'प्रिय नगर' येतं ते नवव्या वचनात, हजार वर्षं सरल्यावर. हे ऐकून सभागृहात जी शांतता पसरते ती फीच्या निम्म्या पैशांची. कारण यातलं बरंचसं आपण यशया आणि यहेज्केलमधून आणून इथे बसवलेलं असतं. आणून बसवणं चूकच असं नाही. पण आणलं आहे हे ठाऊक असावं.

मग चार मतं. ती ज्या क्रमाने मांडली आहेत तो क्रम सुंदर आहे. आधी विचारायचं, येशू हजार वर्षांच्या आधी येतो की नंतर? आधी म्हणणारे प्री-मिलेनिअल. त्यांच्यात दोन घरं: जुनं, जे इस्राएल आणि मंडळी यांना एकत्र धरतं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या डार्बीपासूनचं डिस्पेन्सेशनल, जे दोघांना वेगळं ठेवतं आणि मंडळी महासंकटाआधी, म्हणजे शेवटच्या मोठ्या छळाच्या काळाआधी, स्वर्गात उचलली जाते असं म्हणतं. हे दुसरं मत १९०९ च्या स्कोफील्ड टीपांच्या बायबलमुळे जगभर पोचलं. नंतर म्हणणाऱ्यांतही दोन घरं. पोस्ट-मिलेनिअल लोकांना सुवार्तेने जग सुधारत जाऊन सुवर्णकाळ येईल अशी आशा. अठराव्या शतकातले अमेरिकन उपदेशक जोनाथन एडवर्ड्स या बाजूचे. आणि ए-मिलेनिअल, ज्यांच्या मते हजार वर्षं म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या आगमनामधला आत्ताचा काळ. वहीत या शेवटच्यांना 'सहस्रक न मानणारे' असं मराठी नाव दिलंय. हे बदलायला हवं. ते सहस्रक मानतात, ते चालू आहे असं मानतात. नाव चुकलं की वाचणारा त्यांना शास्त्र न मानणाऱ्यांत काढतो, आणि पुढचं काही ऐकून घेत नाही.

सैतानाला बांधलं म्हणजे काय, यावर चाळीस मिनिटं दोन्ही बाजू तोलून मांडल्या जातात. मत्तय १२:२९ मध्ये बळकट माणसाला 'बांधणं' आणि प्रकटीकरण २०:२ मधलं 'बांधणं' यांना ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे. शिवाय २०:३ मध्ये बांधण्याचा हेतू मर्यादित आहे, राष्ट्रांना ठकवू नये म्हणून. ही ए-मिलेनिअल बाजू. उलट, नुसतं बांधलेलं नाही, अगाधकूपात टाकून, वर झाकून, मुद्रा केली आहे. आणि १ पेत्र ५:८ मध्ये तोच सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा हिंडतो आहे. ही प्री-मिलेनिअल बाजू. कोणी कोणाला टोला मारत नाही. असं शिकवणं दुर्मिळ.

सहाव्या शनिवारी क्रियापदाचा वाद. वचन ४ मध्ये 'जिवंत झाले' आणि वचन ५ मध्ये बाकीचे मृत 'जिवंत झाले नाहीत'. ग्रीक रूप एकच. एकोणिसाव्या शतकातले हेन्री आल्फर्ड यांचा प्रसिद्ध आक्षेप असा, की एकाच वाक्यसमूहात पहिलं जिवंत होणं आत्मिक आणि दुसरं शारीरिक धरलं तर भाषेला काही अर्थच उरत नाही. ऑगस्टिनच्या, म्हणजे ए-मिलेनिअल, बाजूचं उत्तर योहान ५ मध्ये आहे. वचन २५ मध्ये मृत वाणी ऐकून जिवंत होतात, ती वेळ 'आताच आली आहे'. वचन २८-२९ मध्ये कबरेतले बाहेर येतात, तिथे 'आताच' नाही. चार वचनांच्या अंतरात दोन्ही प्रकार. घरी करण्यासारखा अभ्यास हाच: दोन्ही उतारे शेजारी शेजारी लिहून काढायचे आणि काळ दाखवणाऱ्या शब्दांना गोल करायचा. मात्र वर्गात वेगवेगळी भाषांतरं घेऊन आलेले लोक शब्दांवरून अडतात. पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची प्रत घेऊन येणारे एकदोघं असतातच. ते भाषांतर मूळ भाषांवरून केलेलं असल्याने उपयोगी आहे, पण एकत्र वाचनाला बायबल सोसायटीची एकच आवृत्ती सगळ्यांच्या हातात हवी. दहा प्रती सभागृहातच ठेवाव्यात.

अध्याय १९ नंतर २० लगेच घडतो का, हाही मुद्दा इथेच येतो आणि वेळ संपल्याने घाईत उरकला जातो. ११:१५-१८ मध्ये न्यायाची वेळ आलेली असते, आणि १२:५ मध्ये बाळ जन्माला येतं. म्हणजे दृष्टान्त मागे जाऊ शकतात. उलट २०:१० मध्ये सैतान टाकला जातो तिथे श्वापद आणि खोटा संदेष्टा आहेत, आणि त्यांना १९:२० मध्ये टाकलेलं आहे. म्हणजे क्रम आहे. या दोन वचनांवर अर्धा तास हवा.

तक्त्यावरही बोलायला हवं. आर्टपेपरवर छापलाय, घडीवर शाई उडते. त्याहून वाईट, 'पहिली तीनशे वर्षे सर्व मंडळी प्री-मिलेनिअल होती' असा ठळक मथळा. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टरने स्वतः हजार वर्षं मानली, इरेनियस आणि टर्टुलियननेही. पण जस्टिननेच त्रुफो या ज्यू माणसाशी झालेल्या संवादात लिहून ठेवलंय, की शुद्ध विश्वासाचे पुष्कळ ख्रिस्ती तसं मानत नाहीत. 'सर्व' हा शब्द पुसून 'पुष्कळ' करावा. दुसऱ्या टोकाला ऑगस्टिनला एकट्यालाच उभं केलंय. त्याच्या आधी उत्तर आफ्रिकेतल्या टिकोनियसने ती वाट पाडली होती, आणि ऑगस्टिन स्वतः आपण पूर्वी हजार वर्षांच्या बाजूचे होतो असं 'देवाचं नगर'च्या विसाव्या भागात सांगतो. मत बदललेल्या माणसाची साक्ष शिकणाऱ्याला जास्त कामाची. मोठ्या संकटाच्या रकान्यात मात्र गणित चोख: ४२ महिने, १२६० दिवस, साडेतीन काळ, तिन्ही एकच, महिना ३० दिवसांचा धरला तर.

आता सातवा शनिवार. विषय 'हजार वर्षांतलं याजकपद'. यहेज्केल ४० ते ४८ मधलं मंदिर सहस्रकात प्रत्यक्ष बांधलं जाईल असं तक्ता दाखवतो, आणि तिथले यज्ञ 'स्मरणार्थ' असतील असं एका ओळीत सांगून वर्ग पुढे सरकतो. ही ओळ स्कोफील्डच्या टीपांपासून चालत आली आहे. पण पहिले सहा शनिवार पदांवर घालवल्यावर इथे गप्प बसता येत नाही. इब्री १०:१८ म्हणतं, क्षमा झाली तिथे पापाबद्दल अर्पण उरत नाही. यहेज्केलमध्ये तर 'पापार्पण' हाच शब्द आहे, स्मरण हा शब्द नाही. तिथले याजक सादोकाचे वंशज (४४:१५). मग मलकीसदेकाच्या परंपरेतला याजक त्या मंदिरात काय करतो? इब्री ८:४ तर थेटच आहे: तो पृथ्वीवर असता तर याजकच नसता. राजा म्हणून तो पृथ्वीवर येणार असेल, तर हजार वर्षं याजकपद कसं चालतं, याचं उत्तर प्री-मिलेनिअल शिक्षकाने तयार ठेवलं पाहिजे. उत्तरं आहेतही. इब्री ८:४ नियमशास्त्राखालच्या याजकांबद्दल बोलतं, नव्या करारातल्या व्यवस्थेबद्दल नाही, असं म्हणता येतं. यज्ञ हे बाह्य शुद्धीचे, असंही काही जण म्हणतात. वर्गाने एकही दिलं नाही. यहेज्केलमधला 'अधिपती' म्हणजे मशीहा, असं मात्र सांगून टाकलं. तो स्वतःसाठी पापार्पणाचा गोऱ्हा देतो (४५:२२) आणि आपल्या मुलांना जमीन वाटून देतो (४६:१६). एवढं वाचलं असतं तर हे वाक्य तोंडातून निघालं नसतं.

त्याच शनिवारी १ करिंथ १५:२४-२८ येतं आणि तेही हातातून सुटतं. ख्रिस्त राज्य पित्याच्या हाती देतो. मग राजपद संपलं का? चौथ्या शतकात अंकिराच्या मार्सेलसने जवळपास तसंच म्हटलं होतं, आणि त्याला उत्तर म्हणून ३८१ सालच्या निकियाच्या विश्वासांगीकारात लूक १:३३ चे शब्द बसले: त्याच्या राज्याचा अंत होणार नाही. कितीतरी मंडळ्यांत हे उपासनेत म्हटलं जातं. सहस्रकावरच्या वर्गात त्याचा उल्लेखही नसावा, हे खटकतं.

आठवा शनिवार शंकासमाधानाचा. चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येकीला तीन मिनिटं. सध्याच्या राजकारणातली नावं आणि तारखा यांवरच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवतात. येशूच्या परत येण्याची मिलरने वर्तवलेली आणि फसलेली १८४३-४४ ची तारीख फळ्यावर आधीच लिहिलेली असते, ती पुरेशी. बाकी ध्वनिव्यवस्था बरी, पंखे आवाज करतात, मागच्या तीन रांगांत फळा दिसत नाही. वहीत वचनांच्या संदर्भांत छपाईच्या चुका आहेत. 'इब्री १४:७' वाचून पानं उलटत बसू नका, पत्राला तेराच अध्याय आहेत, ७:१४ पाहा. आणि शनिवारी पाच ही वेळ धरल्याने सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळणारे सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट आपोआप वगळले जातात. त्यांचं मत तर चारांच्याही बाहेरचं: संत हजार वर्षं स्वर्गात, पृथ्वी ओसाड. तक्त्यावर त्याला रकाना नाही.

जाणाऱ्यांनी दोन रंगांच्या पेन्सिली, वाचायचा चष्मा आणि स्वतःची बायबलची प्रत न्यावी. मोबाइलवरच्या बायबलमध्ये समासात लिहिता येत नाही. संडे स्कूलचे शिक्षक आणि घरोघरी वचनाभ्यास घेणारे यांना हा वर्ग जास्त उपयोगी. नुकताच विश्वासात आलेला माणूस असेल तर त्याला पहिल्या तीन शनिवारांनाच पाठवावं, तशी सोय विचारली तर २०० रुपयांत करून देतात. वहीची शेवटची दोन पानं 'टिपणं' म्हणून कोरी आहेत. इब्री ८:४ आणि यहेज्केल ४५:२२ तिथे घरूनच लिहून न्या आणि सातव्या शनिवारी चहाच्या आधी हात वर करा. चहानंतर तक्ता गुंडाळून ठेवतात.